वर जायची सोय झाली, खाली यायची राहूनच गेली: भारतातल्या फुटबॉल लीगची पार्श्वभूमी

कोलकात्याची लीग 1898 पासून चालू आहे, पण देशभराची लीग यायला 1996 उजाडलं, तोपर्यंत सगळा मामला स्थानिक लीग आणि कप स्पर्धांवरच. 2007 ला त्या राष्ट्रीय लीगच्या जागी आय-लीग आली, पुढच्या वर्षी खाली सेकंड डिव्हिजन. तळाला गेलात तर खाली, तिथे जिंकलात तर वर. अर्थात सगळ्यांना नाही, फेडरेशनचा, म्हणजे देशाच्या फुटबॉल संघटनेचा, स्वतःचा तरुण पोरांचा संघ होता त्याला शेवटचा नंबर आला तरी रेलिगेशन, म्हणजे खालच्या लीगमध्ये जाणं, नव्हतंच.

खरा गुंता 2010 चा. फेडरेशनने 15 वर्षांसाठी 700 कोटींना कमर्शियल हक्क एका खाजगी कंपनीला दिले आणि त्यातूनच 2014 ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) निघाली, 8 टीम, ऑक्टोबर ते डिसेंबर, संपली की तेच प्लेयर जानेवारीत आय-लीगच्या क्लबांकडून खेळताना दिसायचे. तोवर ती जत्रा म्हणून चालून गेली. पण 2017 पासून दोन्ही लीग एकाच वेळी सुरू झाल्या आणि आशियाई स्पर्धेची जागाही वाटून दिली, मग देशाची नंबर एक लीग कुठली यावर जी भांडणं लागली ती लागलीच. आय-लीगवाल्यांचं म्हणणं सरळ होतं, आम्ही मैदानात जिंकून इथवर आलो आणि ते आयएसएलवाले लीगमध्ये जागा मिळवायची फी भरून. मला तरी त्यात चुकीचं काही वाटत नाही.

2019 मध्ये क्वालालंपूरला रोडमॅप ठरला. 2022-23 चा आय-लीग विजेता फी न भरता आयएसएलमध्ये जाणार आणि 2024-25 पासून प्रमोशन-रेलिगेशन दोन्ही. पहिला अर्धा भाग पाळला, पंजाबचा क्लब वर गेला, पुढच्या वर्षी कोलकात्याचा एक जुना क्लब गेला. दुसऱ्या अर्ध्याचं काय? तोच कोलकात्याचा क्लब 2024-25 ला 13 टीममध्ये शेवटचा आला आणि तरी तिथेच राहिला. कारण उघड आहे, वर्षानुवर्षं कोट्यवधींची फी भरणारे मालक खाली जायला का तयार होतील, आणि त्यांना सोडून बिनफीच्या क्लबला तेवढं खाली ढकलणं तर अजूनच वाईट दिसलं असतं.

त्याच सीझनला आय-लीगमध्ये गोव्याचा क्लब 40 पॉइंट, वाराणसीचा 39, आणि वाराणसीच्या एका मॅचमध्ये समोरच्या टीमने बंदी असलेला प्लेयर खेळवला होता म्हणून ते पॉइंट कुणाचे हा वाद. ट्रॉफी गोव्याकडे देऊनही झाली, शेवटी जुलै 2025 मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने वाराणसीला विजेता ठरवलं. म्हणजे वर कोण जाणार हेही मैदानात ठरेना.

मधल्या काळात खाली आय-लीग 2 आणि 2023 पासून आय-लीग 3 असे मजले चढवले, त्याच्या खाली राज्यांच्या लीग, कागदावर सगळं छान दिसतं. 8 डिसेंबर 2025 ला तो 15 वर्षांचा करार संपला, त्याचं पुढे काय यावरूनच नवा आयएसएल सीझन वेळेवर सुरू झाला नव्हता, आणि तोपर्यंत आयएसएलमधून एकही क्लब खाली गेलेला नव्हता.