अळवावरचं पाणी ते घराबाहेरचा पेंट

परसातल्या अळूच्या पानावर पाणी टिकत नाही हे आपल्याकडे इतकं जुनं माहितेय की त्याची म्हणच झाली. पण ते का टिकत नाही हे नीट कळायला विसावं शतक अर्धंअधिक संपावं लागलं, आणि कळलं तेही थोडं अपघातानेच.

१९७० च्या दशकात विल्हेल्म बार्थलॉट नावाचे जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली (पृष्ठभाग प्रचंड मोठा करून दाखवणारा सूक्ष्मदर्शक) हजारो पानं बघत होते, खरंतर वर्गीकरणासाठी. आता मायक्रोस्कोपखाली ठेवायचं तर पान आधी धुवायला लागतं, नाहीतर नुसती धूळच दिसते, पण काही पानं न धुताच चकाचक निघायची आणि गंमत म्हणजे ती गुळगुळीत नव्हती, उलट चांगली खडबडीत होती! आपल्या डोक्यात कसं, गुळगुळीत म्हणजे स्वच्छ, स्टीलच्या ताटासारखं. इथे सगळं उलटंच.

उदाहरणार्थ कमळाच्या पानावर साधारण १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचवटे असतात, आणि त्या उंचवट्यांवर परत मेणाच्या अतिसूक्ष्म नळ्या. मधल्या फटीत हवा अडकते, त्यामुळे थेंब फक्त टोकांवर टेकतो आणि जवळजवळ गोळीसारखा गोल राहतो, पान जरा कललं की घरंगळतो आणि जाताना धूळ सोबत घेऊन जातो. यातलं गणित तसं आधीच तयार होतं बरं का, कॅसी आणि बॅक्स्टर या संशोधकांनी १९४४ मध्येच खडबडीत पृष्ठभागावर हवा अडकली की पाणी कसं वागतं ते मांडलेलं, पण त्यांचा विषय कापड होता. पान आपोआप साफ होतं हा धागा पकडला तो बार्थलॉटनीच.

१९७७ मध्ये त्यांनी हे पहिल्यांदा लिहिलं आणि कोणी फारसं लक्ष दिलं नाही, पुढची वीस वर्षं असंच. मग १९९७ मध्ये नाइनहुइस या सहकारी वनस्पतीशास्त्रज्ञासोबतचा त्यांचा पेपर आला, त्यात पवित्र कमळाचं नाव थेट शीर्षकातच, आणि तपासलेल्या पानांत आपलं अळूही होतं. नाव मात्र झालं 'लोटस इफेक्ट', मार्केटिंगला कमळच बरं पडतं, अळूला कोण विचारतो! १९९९ मध्ये श्टो कंपनीने लोटुसान नावाचा बाहेरच्या भिंतींचा पेंट आणला, पावसाने आपोआप धुतला जाणारा.

एक अडचण मात्र आहे. अळूच्या पानावर अंगठा जोरात घासून बघा, मेण निघतं आणि पाणी तिथेच चिकटून बसतं. जिवंत पान ते मेण परत तयार करू शकतं, भिंतीवरच्या पेंटला ते कुठून जमणार, म्हणून घासलं तरी टिकेल असं कोटिंग बनवायची खटपट अजून चालूच आहे.