नळाच्या सांध्यातलं शिसं

गावातली जुनी नळलाईन उखडली की बिडाच्या पाइपाच्या सांध्यातून शिशाची कडी निघते, अन् भंगारवाला आधी तीच मागते. सुतळी ठोकून त्यावर शिसं ओतायचं, ही जुनी पद्धत. इतकी वर्षं मातीत पडून बी नखानं ओरखडलं तर आतून चकाकते. काहून, तर शिशावर करडा पापुद्रा धरतो अन् तोच पुढची झीज थांबवतो, लोखंडासारखा गंज आत आत खात जात नाही.

म्हणून तर रोमन लोकांनी पाण्याचे नळच शिशाचे केले. लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणतात, आपला प्लंबर तिथूनच आला. इंग्लंडात बाथ गावच्या रोमन हौदाच्या तळाला घातलेले शिशाचे पत्रे आजही जागेवर आहेत. पॅरिसचं नोत्र दाम २०१९ ला जळालं तेव्हा छपरावर शेकडो टन शिसं होतं. आपली हेमाडपंती देवळं बरी, दगडात दगड अडकवला की झालं.

शिसं पोटात गेलं की विषच, हा धोका काही आज कळला नाही राजेहो. विट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकारानं दोन हजार वर्षांआधीच लिहून ठेवलं, मातीच्या नळाचं पाणी बरं, शिसं ओतणारे कामगार पांढरेफटक पडतात. ऐकलं कोणी? मधे एक गोष्ट आहे, जड पाण्यानं गुंडाला पांढरा थर बसतो तसा शिशाच्या नळात बी बसतो, मग शिसं पाण्यात कमी उतरतं, पण पाणी बदललं की हा थर सुटतो. अमेरिकेत फ्लिंट शहरात हेच झालं, २०१४ मध्ये पैसे वाचवायला नदीचं पाणी सोडलं, नळ खाऊ नये म्हणून टाकायचं औषध टाकलंच नाही, अन् शिसं घराघरात.

आपल्याकडे शिशाचे नळ फारसे नाहीत, सांध्यातल्या कडीला पाणी लागतं ते बी थोडंच. भ्या वाटायला पाहिजे ते जुन्या रंगाचं. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांच्या वर नको, हा नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीची दारं-खिडक्या पॉलिश पेपरनं घासली की धूळ लेकरांच्या पोटात, अन् मेंदूवरचा परिणाम मग भरून निघत नाही.

अन् ती कडी? ३२७ डिग्रीला वितळते, म्हणजे चुलीवर बी. मासे धरायच्या जाळ्याच्या गोळ्या पाडायला लोक अंगणातच वितळवतात, बाजूला लेकरं खेळत असतात.