सहा वाजताचं न्हावा शेवा आणि साडेसहाचं न्हावा शेवा

माझा मेव्हणा तासगावात द्राक्षांच्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात बसतो. जानेवारी ते एप्रिल त्याला जेवायची फुरसत नसते. गेल्या हंगामात त्यांच्याकडे नवं लॉजिस्टिक्स सॉफ्टवेअर आलं आणि एका रविवारी तो लॅपटॉप घेऊनच सांगलीला माझ्या दारात उभा. "दाजी, माल तासगावातनं निघतोय, युरोपात रॉटरडॅमला पोचतोय. एवढंच हाय की! मग हे माझ्याकडनं सहा-सहा ओळी का भरून घेतंय? एकच टाकली तर काय बिघडतंय?"

प्रश्न कारकुनी वाटतो, पण त्याच्या पोटात मला फार आवडणारं गणित आहे.

आधी टप्पा म्हणजे काय ते पाहू. सॉफ्टवेअरवाले त्याला 'लेग' म्हणतात. माल एका वाहनातून दुसऱ्यात गेला, किंवा एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात गेला, की एक लेग संपला. मिरजकरांना हे शिकवायला नको. १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर मिरज जंक्शनात १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर अशा तीन रुंदींचे रूळ शेजारी शेजारी नांदत होते. रूळ बदलला की डबा रिकामा करून माल दुसऱ्या डब्यात. कंटेनरने, म्हणजे माल भरून बंद केलेल्या मोठ्या पेटीने, ही हमाली संपवली. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज अमेरिकेत नेवार्कहून ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघालं, तिथून हा प्रकार रुळला. आता माल पेटीतच राहतो आणि पेटीखालची वाहनं बदलतात. हमाली गेली तरी टप्पे उरलेच.

सॉफ्टवेअरमध्ये वर मालाची एक मुख्य नोंद आणि तिच्याखाली लेगच्या ओळी असतात. कुठून, कुठे, कशाने, कोण नेणार, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ. एका ओळीचा शेवट हीच पुढच्या ओळीची सुरुवात असावी लागते. ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा सरकारी ऑनलाइन कागद, भरणाऱ्याला ही रचना ओळखीची वाटेल. भाग 'अ' मालाचा, तो एकदाच. भाग 'ब' गाडीचा. वाटेत गाडी बिघडून दुसरी लावली तर तेवढाच बदलायचा. मेव्हण्याला इथपर्यंत पटलं.

खरी गंमत पुढे आहे. नकाशावर न्हावा शेवा, मुंबईजवळचं बंदर, हा एक ठिपका. पण समजा, आपल्या जहाजासाठी पेटी आत घ्यायची मुदत गुरुवारी संध्याकाळी सहाला संपते आणि जहाज आठवड्यातून एकदाच आहे. पेटी सहाला पोचली तर याच जहाजावर चढेल. साडेसहाला पोचली तर पुढच्या गुरुवारच्या. अर्ध्या तासाचा उशीर पुढच्या लेगमध्ये १६८ तासांचा होतो! म्हणून गणितासाठी सहा वाजताचं न्हावा शेवा आणि साडेसहाचं न्हावा शेवा ही दोन वेगळी गावं धरायची. प्रत्येक ठिपका म्हणजे जागा अधिक वेळ. ठिपके जोडणाऱ्या रेषा दोन प्रकारच्या, एक प्रवासाची आणि दुसरी नुसतं थांबण्याची. थांबण्यालाही खर्च आहे, कारण द्राक्षाची पेटी शून्य अंशाच्या आसपास ठेवायला वीज जळतच राहते.

या जाळ्यातून सर्वांत लवकरची वाट कशी काढायची? एड्सगर डायक्स्ट्रा या डच माणसाने १९५६ मध्ये, म्हणजे कंटेनर निघाला त्याच वर्षी, ॲम्स्टरडॅमच्या एका कॅफेत बसल्या बसल्या वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय तिची रीत शोधली. तो जन्मला रॉटरडॅममध्ये, आणि आपली द्राक्षंही तिथेच उतरतात. रीत अशी. निघण्याच्या ठिकाणापासून जिथे जिथे जाता येतं, तिथे पोचण्याची लवकरात लवकर वेळ लिहा. त्यातली सगळ्यात लवकरची उचला आणि तिच्यावर शिक्का मारा. आता तिथून पुढे कुठे पोचता येतं ते पाहून आकडे सुधारा. पुन्हा सगळ्यात लवकरची, शिक्का न बसलेली वेळ उचला. एकदा बसलेला शिक्का पुसावा लागत नाही, कारण उरलेली ठिकाणं त्याच्या नंतरच गाठता येतात आणि कुठलाही लेग घड्याळ मागे नेत नाही.

(खर्चही कमी हवा असेल तर एका ठिपक्यावर एक आकडा पुरत नाही. वेळ आणि भाडं अशा जोड्या साठवाव्या लागतात, आणि जी जोडी दुसरीपेक्षा दोन्ही बाबतींत वाईट, ती खोडायची. उरलेल्यांत कुणीच निर्विवाद श्रेष्ठ नसते. हे डोक्यावरून गेलं तर पुढे चला.)

एकच ओळ टाकली की लेग जिथे जुळतात ते सगळे सांधे झाकले जातात. सहा ओळींत पाच सांधे आहेत आणि प्रत्येक जण शंभरातून नव्वद वेळा वेळेवर असतो असं धरा. ०.९ ला पाच वेळा गुणलं की येतात ०.५९. सगळे कामसू, तरी दहातल्या चार खेपांत कुठेतरी सांधा निखळणार. एका ओळीत फक्त 'उशीर' दिसेल, कुणाकडे ते नाही. घड्याळाचाही एक सापळा आहे. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे होतात, म्हणजे ऐन द्राक्षांच्या हंगामात. आपल्यातलं आणि रॉटरडॅममधलं साडेचार तासांचं अंतर साडेतीनवर येतं. वेळ भरताना ती कुठली, हेही भरायचं.

सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत 'एआय सगळं आपोआप करतं' असं लिहिलेलं होतं. बंदराची मुदत कुणी भरलीच नसेल तर एआय काय कपाळ करणार?

मेव्हण्याची शेवटची शंका निराळीच होती. त्यांचा ट्रान्सपोर्टवाला अमावस्येला गाडी काढत नाही, त्यासाठी रकाना कुठला? मी म्हटलं, अमावस्येला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, समुद्राला उधाणाची भरती येते आणि खोल बुडणाऱ्या जहाजांना उथळ वाटेने बंदरात शिरायला तीच सोयीची. जहाजवाले तिथी नाही, भरतीचं कोष्टक बघतात. गाडी एक दिवस थांबणारच असेल तर थांबण्याची ओळ टाक, आणि त्या दिवसाच्या विजेचं बिल ट्रान्सपोर्टवाल्याला दाखव.

द्राक्षांच्या पेट्या तो आता सहा ओळींत भरतो. दिल्लीला जाणारा बेदाणा अजून एकाच ओळीत टाकतो, आणि ते बरोबरच आहे. गाडी एक, ड्रायव्हर एक, मध्ये सांधाच नाही.