जुन्या पीसीचा एसएमपीएस बदलताना

आयबीएमने 12 ऑगस्ट 1981 रोजी जाहीर केलेल्या 5150 या पर्सनल कॉम्प्युटरच्या एसएमपीएसची, म्हणजे घरातल्या विजेतून यंत्राला लागणारे कमी व्होल्टचे पुरवठे तयार करणाऱ्या डब्याची, क्षमता अवघी 63.5 वॉट होती. आज दुकानातला स्वस्तातला स्वस्त एसएमपीएसही त्याच्या कितीतरी पट क्षमतेचा असतो. त्यामुळे जुना पीसी बंद पडला की नवा एसएमपीएस आणून जोडावा, एवढाच हा प्रश्न आहे असे अनेकांना वाटते. मूळ आयबीएम यंत्रे भारतात फारशी आली नाहीत, कारण ती कंपनी 1978मध्येच येथून बाहेर पडली होती. पण त्याच रचनेचे पीसी आणि एक्सटी (त्यानंतरचे मॉडेल) संगणक 1980च्या दशकात आपल्याकडच्या कार्यालयांत आणि महाविद्यालयांत पोहोचले आणि त्यांतले काही अजूनही कपाटांत पडून आहेत. त्यांना पुन्हा चालू करायचे असेल तर वॉटपेक्षा व्होल्टकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

63.5 वॉटचा हिशेब मांडला की हे लगेच दिसते. +5 व्होल्टला 7 अँपिअर, +12 व्होल्टला 2 अँपिअर, −5 व्होल्टला 0.3 अँपिअर आणि −12 व्होल्टला 0.25 अँपिअर, असे चार वेगवेगळे पुरवठे त्या डब्यातून निघतात. निम्म्याहून अधिक शक्ती +5 व्होल्टवर खर्च होते, कारण त्या काळचे जवळजवळ सगळे तर्कमंडल (लॉजिक सर्किट) याच विभवावर (व्होल्टेजवर) चालत असे. +12 व्होल्ट मुख्यतः फ्लॉपी ड्राइव्हच्या मोटरला लागतो. ऋण पुरवठ्यांचा वाटा जेमतेम साडेचार वॉट. मात्र खरी अडचण त्यांच्यातच आहे.

त्याआधी, दोष एसएमपीएसचाच आहे का, हे तपासले पाहिजे. बटण दाबल्यावर पंखा किंचित हलून थांबत असेल तर बहुतेक वेळा एसएमपीएस निर्दोष असतो. मदरबोर्डवर किंवा एखाद्या कार्डावर थेंबाच्या आकाराचे जे टँटलम कपॅसिटर असतात, त्यांतला एखादा, विशेषतः +12 व्होल्टच्या मार्गावरचा, वयोमानाने शॉर्ट होतो आणि एसएमपीएसमधले संरक्षक मंडल ताबडतोब पुरवठा तोडते. वीज बंद करून, जोडण्या काढून, मदरबोर्डवरील प्रत्येक पुरवठा आणि ग्राउंड यांच्यातला रोध मल्टिमीटरने मोजला की दोन-चार ओहमचे वाचन गुन्हेगाराकडे बोट दाखवते. तो एक कपॅसिटर बदलून यंत्र चालू होत असेल, तर उरलेला सगळा खटाटोप वाचतो. एसएमपीएस सुटा काढून, काहीही न जोडता तपासणे मात्र फसवे आहे, कारण त्या पिढीतले बरेच एसएमपीएस किमान भार असल्याशिवाय चालूच होत नाहीत.

डबा उघडायची वेळ आलीच, तर सावधगिरी हवी. आपला 230 व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) पुरवठा एकदिश (डीसी) झाला की सुमारे 325 व्होल्ट होतो आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरांत तो प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतो. तो विसर्जित करण्यासाठी बसवलेले रोधक निकामी झालेले असतील, तर हा काळ बराच लांबतो. ज्या डब्याच्या पाठीमागे 115 आणि 230 असा निवडीचा खटका असतो, त्याबाबतीत आणखी एक धोका आहे. 115च्या स्थानावर आतले मंडल विभव दुप्पट करते. हा खटका चुकून त्या बाजूला राहिला आणि आपल्याकडची वीज दिली, तर साधारण 200 व्होल्टच्या कपॅसिटरांवर प्रत्येकी सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट येतात आणि ते फुटतात. परदेशातून आलेल्या जुन्या यंत्राच्या पाठीमागचा खटका सर्वांत आधी पाहावा.

आता −5 व्होल्टविषयी. 5150च्या पहिल्या प्रकारच्या मदरबोर्डवर, म्हणजे ज्यावर 16केबी ते 64केबी असे छापलेले असते त्यावर, 4116 जातीच्या स्मृतिचिप आहेत. या चिपना +12, +5 आणि −5 असे तीन विभव लागतात. −5 व्होल्टवर चिप जो प्रवाह घेते तो मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागतो, इतका तो नगण्य असतो. पण त्याचे काम प्रवाह देण्याचे नसून सिलिकॉनचा पाया इतर सर्व भागांपेक्षा ऋण ठेवण्याचे असते. तो पाया ऋण असला तरच आतल्या ट्रान्झिस्टरांची उघडझाप नियंत्रणात राहते. +12 व्होल्ट आला आणि −5 व्होल्ट आलाच नाही, तर चिपमधून नको तिथून प्रवाह वाहू लागतो, ती तापते आणि कायमची निकामी होऊ शकते. म्हणूनच हा विभव सर्वांत आधी यावा आणि सर्वांत शेवटी जावा, अशी उत्पादकांची सूचना असे. दुर्दैव असे की, या बोर्डावरची पहिली नऊ चिपांची ओळ सॉकेटमध्ये नसून थेट सोल्डर केलेली आहे. पुढच्या 64केबी ते 256केबी बोर्डावर मात्र 4164 जातीच्या, केवळ +5 व्होल्टवर चालणाऱ्या चिप आहेत. तेथे −5 व्होल्ट फक्त विस्तार-कार्डांच्या खाचांपर्यंत जातो आणि फार थोडी कार्डे तो वापरतात.

आजच्या एटीएक्स (सध्याच्या पीसींचे मानक) एसएमपीएसमध्ये हा पुरवठा नसतो. जुन्या पद्धतीच्या खाचा मदरबोर्डवरून गेल्या, तशी मानकातली −5 व्होल्टची अटही गेली. पण −12 व्होल्ट अजून मिळतो आणि त्यातून 7905 या तीन पायांच्या नियामकाने (विभव ठरावीक ठेवणाऱ्या चिपने) −5 व्होल्ट काढता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो काही रुपयांत मिळतो. तो जोडताना घाई करणारे हमखास फसतात, कारण 7805 या +5 व्होल्टच्या नियामकाच्या सवयीने पाय जोडले तर ते चुकतात. 7805मध्ये आवक पहिल्या पायाला आणि ग्राउंड मधल्या पायाला. 7905मध्ये ग्राउंड पहिल्या पायाला आणि आवक मधल्या पायाला. धातूची पाठही मधल्या पायाशीच जोडलेली असल्याने तिच्यावर −12 व्होल्ट असतो. अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पत्रा मध्ये न घालता ती डब्याला स्क्रूने आवळली की थेट शॉर्ट. शिवाय आवक आणि जावक या दोन्ही पायांशी लगटून लहान कपॅसिटर हवेतच, नाहीतर नियामक स्थिर राहत नाही.

दुसरा गाळू नये असा धागा म्हणजे ‘पॉवर गुड’ हा संकेत. सर्व विभव स्थिर झाल्यावरच एसएमपीएस तो देतो आणि तो येईपर्यंत 8284 ही घड्याळाची चिप 8088 प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवते. एटीएक्समध्ये याच कामाची तार करड्या रंगाची असते. ती मदरबोर्डला वीज देणाऱ्या जुन्या पी-8 जोडणीच्या पहिल्या, नारिंगी तारेला जोडावी. काही जण येथे सरळ +5 व्होल्ट देतात. यंत्र कधी चालते, कधी अर्धवट अडकते. अशी बचत मला तरी पटत नाही.

पी-8 आणि तिची जोडीदार पी-9 या दोन जोडण्या मदरबोर्डवर शेजारीशेजारी बसतात आणि त्यांची अदलाबदल होऊ शकते, जी बोर्डाला घातक ठरते. काळ्या तारा मधोमध एकमेकींशेजारी आल्या की जोडणी बरोबर, हा कारागिरांचा नियम येथे पुरेसा आहे. मूळ तारा कापण्याऐवजी वेगळी जोडतार तयार करावी, म्हणजे पुढे कोणाला मूळ एसएमपीएस दुरुस्त करून बसवायचा झाला तर वाट मोकळी राहते.

5150चा मोठा लाल खटका एसएमपीएसच्या डब्यातच, यंत्राच्या उजव्या कुशीत असतो. त्यामुळे सर्वांत देखणा मार्ग म्हणजे जुना डबा रिकामा करून त्यात नवे, लहान आकाराचे मंडल बसवणे. लाल खटका पूर्वीसारखाच मुख्य विजेच्या मार्गात ठेवावा, एटीएक्सची हिरवी, म्हणजे एसएमपीएस चालू करणारी, तार कायमची ग्राउंडला जोडावी आणि डब्याच्या धातूला तीन पिनी प्लगमधली अर्थिंगची तार घट्ट आवळावी. मदरबोर्ड जोडण्यापूर्वी +5 व्होल्टवर एखादा जाड रोधक भार म्हणून लावून चारही विभव मीटरने मोजावेत. +5 व्होल्टचे वाचन 4.75 ते 5.25 यांच्या बाहेर असेल किंवा −5 व्होल्ट दिसतच नसेल, तर बोर्डाला हात लावू नये.