पूर्व आफ्रिकेतील सुगरण पक्षी

केनिया, टांझानिया आणि युगांडा या देशांतील गवताळ रानांत, सरोवरांच्या काठी व वस्तीजवळच्या झाडांवर घरटी विणणारे पक्षी. सुगरण कुलात (प्लोसिडी) सुमारे १२० जाती असून त्यांतील बहुतेक आफ्रिकेत आहेत. भारतात अवघ्या चार. सिंह-हत्तींच्या ओढीने सफारीला गेलेल्या प्रवाशाला हे पक्षी लॉजच्या आवारातल्या बाभळीवरच भेटतात. तिथे तासभर थांबणे सार्थकी लागते, कारण या कुलात घरट्यावरून पक्ष्याचा संसार ओळखता येतो.

हा संबंध ब्रिटिश अभ्यासक जॉन क्रुक यांनी १९६४ मध्ये मांडला. दाट जंगलातल्या सुगरणी किडे खातात. किडे विखुरलेले असतात, एकट्या मादीला पिल्ले पोसणे जड जाते. म्हणून तिथे नर-मादी जोडीने राहतात, दोघे दिसायलाही बरेचसे सारखे असतात आणि घरटे एकटे, लपवलेले असते. मोकळ्या सवानात, म्हणजे तुरळक झाडांच्या गवताळ रानात, खाणे गवताच्या दाण्यांचे. पावसानंतर ते एकेका जागी मुबलक मिळतात, म्हणून थवे बनतात. घरट्यांसाठी सुरक्षित झाडे मात्र थोडी, म्हणून एकाच झाडावर वसाहत होते. दाणापाणी भरपूर असल्याने मादी बरीचशी जबाबदारी एकटी पेलते आणि नर अनेक माद्यांना रिझवण्यामागे लागतो. भडक पिवळा रंग, काळा मुखवटा आणि अखंड कलकलाट यांचे मूळ इथे आहे.

व्हिलेज वीव्हर (वीव्हर म्हणजे सुगरण) ही जात याचे उत्तम उदाहरण. नर ताडाच्या पानाची किंवा गवताची हिरवी पट्टी चोचीने सोलून आणतो आणि फांदीला वेढे व गाठी घालत आधी एक उभे कडे विणतो. त्याच कड्यात बसून तो एका बाजूला अंड्यांची खोली आणि दुसऱ्या बाजूला प्रवेशाचा भाग वाढवत नेतो. मग घरट्याखाली उलटा लटकून पंख फडफडवतो. मादी आत शिरून तपासते. पसंत पडले तर मऊ गवताचे व पिसांचे अस्तर घालते. ताजी हिरवी घरटी माद्यांना आवडतात. वाळून तपकिरी पडलेले घरटे नाकारले गेले, तर नर ते स्वतःच उसवून नव्याने सुरुवात करतो. आपल्याकडच्या सुगरणीची रीत थोडी वेगळी आहे: तिथे मादी अर्धवट विणलेल्या घरट्यालाच पसंती देते. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे केलेल्या निरीक्षणांतून हे उलगडले.

व्हिलेज वीव्हरची अंडी पांढऱ्यापासून निळसर हिरव्यापर्यंत, साधी वा ठिपकेदार असतात. पण एका मादीची अंडी जन्मभर एकाच प्रकारची. डिडेरिक कोकिळेने घुसवलेले वेगळे अंडे त्यामुळे तिला ओळखू येते आणि ती ते टाकून देते.

याच कुलातली पांढऱ्या भुवईची स्पॅरो-वीव्हर सुक्या गवताची वेडीवाकडी घरटी बांधते आणि कुटुंबाने राहते. वीण मुख्य जोडीची, मदतीला इतर सदस्य. करड्या टोपीची सोशल वीव्हर रात्री झोपण्याच्या घरट्याला खालून दोन तोंडे ठेवते आणि अंडी घालायच्या वेळी त्यांतले एक बुजवते.

क्वेलिया ही लाल चोचीची सुगरण जगातला सर्वाधिक संख्येचा वन्य पक्षी मानली जाते. लाखोंचे थवे ज्वारी, बाजरी, गहू व भाताच्या पिकांवर उतरतात, तेव्हा लहान शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही. वसाहतींवर विमानातून फेन्थिऑन हे विष फवारले जाते. मेलेले पक्षी खाऊन शिकारी पक्षीही विषबाधेने मरतात. शेतकऱ्याचे दुःख खरे असले, तरी हा उपाय फार महाग पडतो.

विडोबर्ड हेही सुगरणच. लांब शेपटीच्या जातीत नराची शेपटी अर्ध्या मीटरपर्यंत जाते. स्वीडिश संशोधक माल्टे अँडरसन यांनी केनियातील किनांगोप पठारावर काही नरांच्या शेपट्या कापल्या, काहींना पिसे चिकटवून त्या वाढवल्या. वाढवलेल्या शेपटीच्या नरांच्या क्षेत्रात अधिक माद्यांनी घरटी केली. १९८२ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मादीच्या निवडीचा भक्कम पुरावा ठरला.

मुनियांच्या कुलातले फायरफिंच, निळे कॉर्डन-ब्लू आणि जांभळे ग्रेनेडियर अंगणात, झुडपांत दाणे टिपताना दिसतात. त्यांच्या घरट्यांत इंडिगोबर्ड आणि व्हायडा हे स्वतः घरटे न बांधणारे पक्षी अंडी घालतात. या परक्यांची पिल्ले यजमानाच्या पिल्लांना ढकलून देत नाहीत, त्यांच्यासोबतच वाढतात. तोंडातली नक्षीही त्यांच्यासारखीच असते. मोठा झालेला व्हिलेज इंडिगोबर्ड नर पालक फायरफिंचच्या गाण्याची नक्कल करतो.

विल्डबीस्ट या कुरंगाच्या स्थलांतरासाठी पर्यटक जुलै-ऑगस्टमध्ये जातात. त्या कोरड्या दिवसांत अनेक जातींचे नर मादीसारखे फिकट तपकिरी असतात. रंग आणि विणकाम पाहायचे तर मार्च ते मेचा मोठा पाऊस किंवा ऑक्टोबर-डिसेंबरचा छोटा पाऊस धरावा.

क्लार्क्स वीव्हर ही जात केनियाच्या किलिफी भागापुरतीच मर्यादित असून संकटग्रस्त आहे. अराबुको-सोकोके जंगलात ती दिसते, पण तिची घरटी २०१३ साली डाकाच्चाच्या रानातील हंगामी पाणथळीत प्रथम सापडली. कोळशासाठी होणारी तोड आणि शेतीसाठीची सफाई यांमुळे ते रान घटत आहे.