ठोशाचा जोर टाचेतून

शिडशिडीत मुलगा बॉक्सिंग शिकायला आला की आपल्या कोकणात पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी अंगावर मांस चढव, मग ठोसे मार. मला हा सल्ला पटत नाही.

जिमी वाइल्डचंच बघा. वेल्सच्या कोळसा खाणीत राबलेला हा माणूस जेमतेम ४८ किलोचा. १९१६ ते १९२३ तो फ्लायवेट या अगदी हलक्या वजनगटाचा जगज्जेता होता आणि लोक त्याला ‘हातात हातोडा असलेलं भूत’ म्हणत. थायलंडच्या खाओसाई गॅलॅक्सीने १९ वेळा किताब राखला, त्यातले १६ विजय नॉकआउटचे. जपानच्या नाओया इनोऊएने २०१८ मध्ये प्रतिस्पर्धी पायानोला ७० सेकंदांत आडवं केलं. तरी माझ्या मते या सगळ्यांत पहिला मान पोर्तो रिकोच्या विल्फ्रेडो गोमेझचा. ५५.३ किलोच्या गटात त्याने १७ वेळा किताब राखला आणि सतराही वेळा समोरच्याला आधीच गारद करून लढत पंचांच्या गुणांपर्यंत पोचूच दिली नाही.

मग एवढा जोर येतो कुठून? ऑलिंपिक दर्जाच्या बॉक्सरांवर २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुठीचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर निघाला आणि ठोशामागचं ‘परिणामी वस्तुमान’, म्हणजे ठोसा बसताना प्रत्यक्ष कामी येणारं वजन, सुमारे २.९ किलो. मूठ आणि ग्लोव्ह मिळून एक किलोही भरत नाहीत. म्हणजे उरलेलं वजन मुठीमागे उभ्या असलेल्या शरीराचं. जड बॉक्सरांचा ठोसा भारी पडतो तोही या वस्तुमानामुळे, हात जास्त वेगवान असतो म्हणून नव्हे. हलक्या माणसाकडे मुळातच वजन थोडं, त्यामुळे त्यातलं जास्तीत जास्त मुठीमागे आणणं हीच त्याची विद्या.

भाट्याच्या खाडीत ओहोटीला पाग टाकणारा माणूस आठवा. जाळं सुटतं हातातून, पण त्याआधी पाऊल रोवलेलं असतं आणि पीळ दिलेली कंबर झटक्यात मोकळी होते. नुसत्या दंडाने टाकलेला पाग उघडत नाही, गोळा होऊन पाण्यात पडतो. ठोशाचं तंत्र हेच. १९८५ च्या एका सोव्हिएत अभ्यासात मुरलेल्या बॉक्सरांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के भरला, हाताचा फक्त २४. नवशिक्यांत पायांचा वाटा १७ टक्क्यांच्या आतच होता. फरक स्नायूंच्या जाडीचा नाही, टाच कधी उचलायची याचा आहे.

दुसरी गोष्ट आखडण्याची. सुरुवातीला स्नायू आवळतात, मधे सैल पडतात म्हणून हात वेगाने जातो, आणि ठोसा लागताक्षणी पुन्हा आवळतात. शेवटचं हे आवळणं चुकलं तर मनगट नि कोपर लवतात आणि मागचं वजन वाटेतच जिरतं.

अर्थात वजन खोटं बोलत नाही. हाच गोमेझ १९८१ मध्ये जेमतेम दोन किलो वरच्या गटात साल्वादोर सांचेझशी लढायला गेला आणि आठव्या फेरीत हरला.

आता ठोसा खाणाऱ्याचं. हनुवटीवर बाजूने बसलेल्या ठोशाने डोकं गर्रकन फिरतं, आतला मेंदू मागे राहतो आणि शुद्ध हरपते. ठोसा येताना दिसला तर मान आखडून डोकं थोडं तरी सावरते. न दिसलेला ठोसा म्हणूनच घातक. हेडगार्डने जखमा कमी होतात, पण हे फिरणं थांबत नाही. मुलांना टाचेचं काम शिकवाल त्याच दिवसापासून मानेचे व्यायामही सुरू करा, आणि मार लागून चक्कर आलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा रिंगणात उतरवू नका.