तीन सेकंदांची शिलाई

जुना बनियन फडक्यासाठी फाडणार असाल तर आधी एक करून बघा. खालची बाजू कात्रीनं आडवी कापा आणि पट्टी दोन्ही हातांनी ताणा. कापलेला काठ तिथल्या तिथं सुरळीसारखा गुंडाळतो, तोही दरवेळी दर्शनी बाजूकडं. तेच कापड उभं कापलं तर काठ आतल्या बाजूला वळतो.

आमच्या बेळगावातल्या शहापूर-वडगावात मागाचा खडखडाट ऐकत वाढलेल्या माणसाला कापड म्हणजे ताणा आणि बाणा, उभे धागे नि आडवे धागे. होजिअरीचं कापड तसं नसतं. त्यात एकच धागा फास घेत घेत जातो, स्वेटरसारखा. प्रत्येक फासात धागा जबरदस्तीनं वाकवलेला असतो आणि संधी मिळाली की त्याला सरळ व्हायचं असतं. कापडाच्या मध्यभागी शेजारचे फास त्याला धरून ठेवतात. काठाला धरणारं कोणी नाही, म्हणून तो वळतो. ताणलं की कापड लांबतं आणि सोडलं की परत येतं, तेही याच फासांमुळं. चड्डी अंगाला बसते ती या गुणामुळं, आणि ती शिवणाऱ्याचा जीव खाते तीही त्याच गुणामुळं.

आमच्या शेजारच्या अक्का महामार्गालगतच्या एका गारमेंटमध्ये ऑपरेटर आहेत. पुरुषांच्या अंडरवेअरच्या पायाची दुमड शिवायची, हे त्यांचं काम. मी विचारलं, "अक्का, एका पीसला वेळ किती लागतो?" तर म्हणाल्या, "शिवायला काय वेळ लागतोय ओ? हे उलगडण्यातच जीव जातोय की."

गणित मांडून बघितलं. मांडीचा घेर साधारण 50 सेंटीमीटर धरा. सेंटीमीटरला 5 टाके म्हटले तर झाले 250 टाके. कारखान्यातलं मशीन मिनिटाला 5000 टाके सहज मारतं. म्हणजे शिलाई 3 सेकंदांची! बाकीचा सगळा वेळ बंडलातून पीस उचलणं, काठाची सुरळी नखानं उलगडणं, सारखी दुमड घालणं आणि सुईखाली सरकवणं यात जातो.

टाक्याचंही थोडं सांगायला हवं. घरच्या मशीनचा टाका इथं चालत नाही. त्यात वरचा आणि बॉबिनचा धागा कापडाच्या पोटात एकमेकांना अडकतात आणि घट्ट बसतात. असली शिवण घालून मांडी घालून जेवायला बसलं की कट्कन आवाज येणार. चड्डीला लागतो साखळीच्या जातीचा टाका. वर दोन सुया, खाली बॉबिनऐवजी लूपर, म्हणजे धाग्याचे फास घालणारा आकडा. बाहेरून दोन समांतर रेघा दिसतात आणि आतून जाळीसारखी वीण कापलेला काठ झाकून टाकते. तिच्या फासांत धागा शिलकीत असतो, म्हणून कापडाबरोबर शिवणही लांबते. कारखान्यात याला सरसकट फ्लॅटलॉक म्हणतात. काटेकोर बोलायचं तर फ्लॅटलॉक हा थोडा वेगळा टाका, पण ते तिथं कोणाला सांगायला जाऊ नये.

साखळीची खोड मात्र आपल्याला पोत्यावरून ठाऊक आहे. साखरेच्या पोत्याचं बरोबर टोक सापडलं तर सर्रकन सगळं तोंड उसवतं, चुकीचं धरलं तर बसा कात्री शोधत. म्हणून पायाच्या घेरात शेवटचे टाके सुरुवातीच्या टाक्यांवर चढवावे लागतात. (फ्रान्सच्या थिमोनिए नावाच्या शिंप्यानं 1830 मध्ये पेटंट घेतलेलं शिलाईयंत्रही साखळी टाकाच घालायचं. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रं फोडली.)

अक्कांच्या लाइनला आता आपोआप दुमड घालणारं मशीन आलंय. मी बघायला गेलो. वाटलं होतं, यंत्रमानवाचे हात असतील. तसलं काही नाही, दोन रूळ आहेत. अक्का पायाचा घेर त्या रुळांवर चढवतात, रूळ एकमेकांपासून दूर सरकतात, आणि घेर पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखा त्यांच्यावर फिरायला लागतो. कापड रुळांवर बसलं की त्याचं लोंबणं, चुरगळणं संपतं. मशीनला उरते एकच काळजी, काठ जागेवर आहे की नाही.

काठाची सुरळी हवेचा झोत उलगडतो आणि पुढची पट्टी काठ दुमडते. तिथंच प्रकाशाचा एक किरण सोडलेला असतो. कापडानं तो अडवला तर काठ जास्त बाहेर आलाय, किरण पलीकडं पोचला तर काठ आत सरकलाय. त्याप्रमाणं एक लहान दातेरी चाक कापडाला इकडं किंवा तिकडं ढकलतं. नांगराचा तास धरताना बैलाला सारखं जरा इकडं, जरा तिकडं करतात, तसंच. फक्त सेकंदात कितीतरी वेळा. सुईखालचे पुढचे आणि मागचे दातेही वेगवेगळ्या चालीनं चालवता येतात, नाहीतर ताणून शिवलेल्या काठाला भज्यासारख्या लाटा येतात. घेर पुरा झाला की धागा कापला जातो, रूळ जवळ येतात, पीस गठ्ठ्यावर जाऊन पडतो.

पण गठ्ठ्यातून एकच पीस सोडवून रुळांवर चढवायचं काम अजून अक्कांकडंच आहे. कापडाला कापड चिकटतं, पीस कधी दोन येतात, कधी उलटा येतो. यावर अमेरिकेत 2016 मध्ये एकानं नामी तोड काढली. कापड पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यात भिजवून पुठ्ठ्यासारखं कडक करायचं, यंत्रमानवाकडून शिवून घ्यायचं आणि मग धुऊन टाकायचं. वाचून मला हसू आलं. आमचे विणकरही मागावर सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात, आणि तीही नंतर धुऊनच काढतात. टी-शर्टचं ठीक आहे, पण चड्डीपुरता हा भिजवण्या-वाळवण्याचा खर्च परवडेल असं मला वाटत नाही.

मी उभा होतो तेवढ्यात मशीन बिघडलं. दुमड वाकडी जायला लागली, काठ सुटला. सुपरवायझर मेकॅनिकला हाका मारत गेला. अक्कांनी मशीन बंद केलं, वाकून किरणाच्या भिंगावर फुंकर मारली. सुताची पांढरी कुसं उडाली. मग एका रिजेक्ट पीसच्या कोपऱ्यानं भिंग पुसलं.

"काही न्हाई ओ," त्या म्हणाल्या, "त्याच्या डोळ्यात कुसळ गेलं होतं." आणि पुढचा पीस रुळावर चढवला.